टाचेचं अक्षर

मार्सुदीचे वडील, बापाक विर्यो, वारले त्याला त्या दिवशी बरोबर एक हजार दिवस झाले होते, आणि रीतीप्रमाणे घरी पाठ आणि जेवण होतं. बकरा कापून झाला होता, तांदूळ भिजत पडले होते, अंगणात भाड्याची ताडपत्री ताणून झाली होती. थोरला मुलगा या नात्याने मार्सुदी ओट्यावर उभा राहून सगळ्यांना सूचना देत होता. त्या कुणी ऐकत नव्हतं. पण तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत काढलेल्या माणसाला त्याची सवय असते. अशा वेळी, सकाळी साडेसातच्या सुमाराला, त्याच्या फोनवर बाटली आली.

गावाचा जो फोनवरचा गट होता, त्यात कुणीतरी फोटो टाकला होता. तपकिरी बाटली, तिच्यावर चिकटवलेला पिवळट कागद आणि कागदावर ऐटदार जुनी अक्षरं: प्रत्येकाच्या पायाला रुंद टाच, अंगातून गेलेली बारीक पांढरी रेघ, आणि 'आर'ची तंगडी नाचणाऱ्या बाईच्या पदरासारखी उडालेली. खाली दुसरा फोटो होता मार्सुदीच्याच प्रचाराच्या फलकाचा. 'पाक मार्सुदी – अनुभवी, प्रामाणिक, आपला.' पाक हे नावाआधी मानाने लावायचं. तीच टाच, तीच रेघ, तीच तंगडी. आणि मधे एक ओळ: 'या अक्षराचं नाव ओल्ड हार्लो व्हिस्की. लुराह व्हायला निघालेल्या आपल्या धार्मिक उमेदवाराला शुभेच्छा.'

पाठवणारा गुनादीचा पुतण्या होता. गुनादी हा लुराहच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, निवडणुकीतला दुसरा उमेदवार. वातुरेजो गावात दोनच उमेदवार होते आणि मतदानाला एकोणीस दिवस राहिले होते.

मार्सुदीने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग हाक मारली, "रात्मी! ए रात्मी! इकडे ये."

रात्मी त्याची धाकटी बहीण. गावातल्या बायकांच्या पाठाच्या मंडळाची ती प्रमुख होती, आणि पोट भरायला तापे विकायची. मुंतिलान भागातला तापे म्हणजे आंबवलेला चिकट भात, पानात बांधलेला. रात्मीचा तापे चार गावांत नावाजलेला. ती हात पुशीत आली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तिने वाचलं. नुसतं गटावरचं वाचून ती थांबली नाही. फोटोखाली जो दुवा होता तो दाबला आणि मोठ्याने वाचत सुटली.

"'सजावटीचं, जुन्या धाटणीचं अक्षर. पाट्या, लेबलं, दारूच्या बाटल्या यांना शोभेल असं. रचना...'" थोरल्या भावाला कांग म्हणणारी रात्मी थांबली. "कांग, खाली वेनिंगचं नाव आहे."

दोघांनी एकदमच मागच्या खोलीकडे पाहिलं. तिथे वेनिंग, मधल्या भावाची मुलगी, चटईवर बसून दुपारच्या पाठासाठी छापून आणलेली कुराणातल्या यासीन या सूरेची, म्हणजे अध्यायाची, पुस्तकं मोजून गठ्ठे लावत होती. दीडशे पुस्तकं. हिरवं वेष्टण, मधे बापाकांचा टोपीतला फोटो, आणि फोटोखाली त्यांचं नाव. टाचेच्या अक्षरात.

"या अल्ला," रात्मी म्हणाली आणि ओट्यावर खाली बसली. "कुराणाच्या सूरेवर व्हिस्की."

*

मार्सुदीचं आणि वेनिंगचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. म्हणजे 'जेवलात का', 'हो' एवढं होतं. बापाक सगळी हयात पाट्या रंगवत होते. दुकानांच्या, केशकर्तनालयांच्या, सिनेमाच्या. त्यांचे नमुन्यांचे कागद एका ट्रंकेत असत. ती ट्रंक त्यांनी मरायच्या आदल्या आठवड्यात नातीला दिली. थोरल्या मुलाला दिलं मनगटी घड्याळ, जे बंद होतं. मार्सुदी ते रोज घालायचा. वेळ बघायला फोन काढायचा.

आता तो दारात जाऊन उभा राहिला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "वेनिंग, हे काय आहे?"

वेनिंगने फोन पाहिला. तिचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "माझा फॉन्ट आहे, पाकडे." थोरल्या काकाला ती पाकडे म्हणायची. "आजोबांच्या कागदांवरून केला, नेटवर विकते. पण आधी मला हे सांगा, तो तुमच्या फलकावर कुठून आला?"

"कुठून म्हणजे? बाजारातल्या छपाईवाल्याने शंभर नमुने दाखवले. मी म्हटलं, हेच. बघताक्षणी ओळखलं मी. बापाकांचं अक्षर आहे ते! तुझं कसलं?"

"ओळखलंत?" वेनिंगने हातातला गठ्ठा खाली ठेवला. तिला हे अपेक्षित नसावं. मग म्हणाली, "त्याने चोरीची प्रत वापरली. दोन महिने तुमचे फलक बघतेय मी. बोलले नाही."

"चोरी कसली? नेटवर पडलेलं होतं म्हणाला."

"कुंपणातून हात घालून काढलेला आंबा पण नंतर पडलेलाच दिसतो."

"जीभ आवर," रात्मी मागून म्हणाली. ती अजून मार्सुदीच्या बाजूला होती. "तुझ्या आजोबांनी उभ्या जन्मात तोंडाला दारू लावली नाही. त्यांचं अक्षर घेतलंस ते घेतलंस, वर हे नाव? विर्यो असं नाव द्यायला काय झालं होतं तुला?"

"तेच दिलं होतं, बुलिक," वेनिंग आत्याला म्हणाली.

"मग?"

"आठ महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका परदेशी माणसाने तर लिहून विचारलं की हे कुठल्या आजाराचं नाव आहे का. मग मी नाव बदललं. फक्त नाव. एक टिंबसुद्धा हलवलं नाही. आठवड्यात कॅनडाहून मागणी आली. आता एक पाववाला आहे फिनलंडमध्ये, त्याच्या दुकानावर म्बाहचं, माझ्या आजोबांचं, अक्षर आहे."

फिनलंडमधल्या पाववाल्याने मार्सुदी क्षणभर विरघळला. वडिलांचं अक्षर समुद्रापार गेलं आणि आपल्याला पत्ताच नाही, हे त्याला बोचलं. अभिमान वाटला आणि म्हणूनच जास्त राग आला.

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "आज गावातली सव्वाशे माणसं इथे येणार. गुनादी येणार. पाक मोदिन येणार. मी सांगतो ते नीट ऐका. एक, या पुस्तकांवर पांढरा कागद चिकटवायचा. दोन, कबरीचा दगडही याच अक्षरात कोरलाय, तो बदलायचा. उद्या सकाळी बसवायचाय ना? साध्या अक्षरात दुसरा करायचा."

'दगड' हा शब्द ऐकून लासिमान आत आला. वेनिंगचा बाप. शेजारच्या छपरात त्याचं दगडकामाचं दुकान. भुवया, मिशा, टोपी सगळ्यावर मेरापी ज्वालामुखीच्या दगडाची राखाडी भुकटी. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला घरात बोलताना फार थोड्यांनी ऐकलं होतं.

"दगडावरचं खोडता येत नाही, कांग," तो म्हणाला. "दगडच टाकावा लागतो."

"मग टाक."

"दीड महिना लागला मला."

"म्हणजे बापाकांच्या डोक्यावर दारूचं लेबल लावायचं?"

लासिमानने टोपीवरची भुकटी झटकली. रात्मीने मात्र चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. तिची तशी सवय होती. चष्मा वर गेला की समजावं, बाई विचार करतेय.

"आणि कांग, तुझे फलक?" तिने विचारलं.

"फलकांचं काय?"

"ते कधी काढायचे?"

"फलकांचं वेगळं आहे."

"वेगळं कसं?"

मार्सुदीने मनगटावरच्या बंद घड्याळाकडे पाहिलं. "ते कापडी आहेत," तो म्हणाला.

"अस्सं!" रात्मी उठून उभी राहिली. "म्हणजे धर्मग्रंथावर चिकटपट्टी लावायची, बापाचा दगड फोडायचा, आणि तुझं तोंड तेवढं गावभर दारूच्या अक्षरात हसत राहू द्यायचं? शाब्बास! दोनशे फलक आहेत रे तुझे! माझ्या दुकानासमोर तीन आहेत!"

"दीडशे," मार्सुदी म्हणाला. "पन्नास लावायचे राहिलेत."

अशी रात्मी फुटली. मार्सुदीला फूट कळायची. कचेरीत त्याने पाच तहसीलदार पाहिले होते. बहुमत जातंय म्हटल्यावर माणसाने ठराव मागे घ्यायचा नसतो, दुरुस्ती मांडायची असते. तो येरझाऱ्या घालू लागला. आणि लासिमाननेच त्याला दोर टाकला, म्हणजे नकळत.

"मशिदीची पाटी पण काढायची का मग?" लासिमानने विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. गावच्या मशिदीची पाटी एक्काहत्तर साली बापाकांनी रंगवली होती. हिरव्या पाटीवर सोनेरी, टाचेचं अक्षर. दोन्ही बाजूंना खजुराचे घोस. जमातीने तिला इतक्या वर्षांत हात लावू दिला नव्हता. नवं छप्पर आलं, नव्या फरशा आल्या, पाटी तीच.

"हेच!" मार्सुदी थांबून म्हणाला. "हेच मला म्हणायचं होतं. अक्षर आधी मशिदीवर आलं. अक्षर पवित्र आहे. दोष नावाचा. आणि नाव दिलं हिने." त्याने वेनिंगकडे बोट केलं, पण आता त्याच्या आवाजात दया होती, जी रागापेक्षा वाईट होती. "पाठ सुरू व्हायच्या आधी हिने माइकवर उभं राहायचं. म्हणायचं, आजोबांचं पवित्र अक्षर, मी पोरबुद्धीने त्याला घाण नाव दिलं, गावाने माफ करावं. संपलं. दगड राहील, पुस्तकं राहतील."

"आणि फलक राहतील," रात्मी म्हणाली.

"ओघाने फलकही राहतील."

"माझी मुलगी माइकवर जाणार नाही," लासिमान म्हणाला. मोठ्याने नाही, पण अंगणात ताडपत्रीवर काम करणाऱ्या दोघांनी मान वळवली.

*

इबू कासिनेम, म्हणजे या तिघांची आई, आतापर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शेवग्याचा पाला ओरबाडत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं असं घरात सगळे समजत. त्याचा त्यांना फार फायदा झाला होता.

"मशिदीची पाटी आधी आणि दारू नंतर, असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"इबू, तुम्ही यात पडू नका," मार्सुदी म्हणाला.

"पडत नाही. बसलेलीच आहे." त्यांनी पाल्याची काडी टाकून दुसरी घेतली. "ते अक्षर पेटीवरचं. तंबाखूच्या मळ्यावर डच साहेब होता ना, तो गेला सत्तावन्न साली. तुझ्या बापाने त्याचं सामान गाडीपर्यंत वाहिलं. अठरा वर्षांचा होता. साहेबाने बक्षीस म्हणून एक लाकडी पेटी दिली. रिकामी. जिनची."

"कसली?"

"जिन, जिन. दारू असते पांढरी. त्या पेटीवर ते अक्षर होतं, टाचवालं. तुझा बाप खिळ्याने जमिनीवर तेच गिरवत बसायचा. त्याला वाचता कुठे येत होतं तेव्हा? आधी चित्र म्हणून शिकला, नंतर अक्षर म्हणून. लग्न झालं तेव्हा माझे कपडे त्याच पेटीत होते."

रात्मीचा चष्मा आपोआप खाली आला. वेनिंग गुडघ्यांवरच आजीपुढे सरकली; आजी-आजोबा दोघांनाही ती म्बाहच म्हणायची. "म्बाह, त्या ट्रंकेत सगळ्यात जुना कागद आहे, त्याच्यावर मला न कळणारे शब्द होते. मला वाटलं, म्बाहनी सराव म्हणून काहीही..."

"साहेबाच्या भाषेत असेल. दारूचं नाव असेल."

"आणि खजूर?" मार्सुदीने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. "पाटीवरचे खजूर, इबू?"

"ते पण पेटीवरचेच. कसलंसं झुडूप असतं तिकडे, त्याची फळं त्या दारूत घालतात म्हणे."

"ते खजूर मी रंगवलेत."

त्याला काही कुणावर ओरडायचं नव्हतं. ते वाक्य आपोआप बाहेर पडलं. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. बापाक शिडीवर, हा खाली डबा धरून. अक्षर मार्सुदीला कधीच जमलं नाही. त्याची रेघ कुठेही धरली तरी थरथरायची. पण त्या दिवशी बापाकांनी त्याला वर घेतलं, हातात बारका ब्रश दिला आणि म्हणाले, 'हे गोळे भर.' त्रेपन्न वर्षं दर शुक्रवारी मशिदीत शिरताना मार्सुदी मान वर करून आपले खजूर बघत आला होता. त्याच्या बायकोला, मुलांना, जावयाला, प्रचाराच्या सभेत दोनदा, त्याने ते सांगितलं होतं.

"हो ना," इबू म्हणाल्या. "तू त्याला विचारलंस, बापाक, हे काय? तो म्हणाला, खजूर. आता पोराला शिडीवर काय सांगणार?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही. आणि तुझी सभा चाललेली असायची."

मार्सुदी खाली बसला. मग त्याने विचारलं, "ती पेटी कुठे आहे?"

"लासिमान झाला तेव्हा पाणी तापवायला लाकूड नव्हतं. फोडली."

"म्हणजे पुरावा नाही," मार्सुदी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. "म्हणजे आपल्या पाच जणांखेरीज कुणाला माहीत नाही."

आणि गंमत अशी की तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात एकमत झालं. ट्रंकेवरून झालं नव्हतं, दगडावरून झालं नव्हतं, निवडणुकीवरून तर नाहीच. पण लपवायचं म्हटल्यावर लगेच झालं. मशिदीचं नाव होतं, बापाकांचं नाव होतं. रात्मीने तर शेजारच्या खिडकीकडे बघून दार लोटून घेतलं. बाहेर बकऱ्याचा रस्सा उकळत होता आणि आत सगळे कुजबुजत होते.

"पण मग वेनिंगने आता बोललंच पाहिजे," मार्सुदी म्हणाला. "व्हिस्की तिच्यापाशी थांबली तर मागे जिनपर्यंत कुणी जाणार नाही."

या वेळी रात्मीने नुसतीच दाराची कडी तपासली. लासिमान तोंड उघडणार होता, तेवढ्यात वेनिंगच म्हणाली, "बोलते मी."

"पोरी—"

"म्बाहसाठी बोलते, बापाक," ती वडिलांना म्हणाली. "फलकांसाठी नाही." ती पुन्हा पुस्तकं मोजायला बसली. आकडा चुकला होता, म्हणून तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

मार्सुदी जिंकला होता. कपडे बदलायला गेला तेव्हा त्याने कमरेचा सरोंग तीनदा नेसला, तिन्ही वेळा एक टोक लांब राहिलं.

*

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली आणि माणसं यायला लागली. बायका साखर-चहाच्या पिशव्या घेऊन मागच्या दाराने, पुरुष पुढून. चटया भरल्या. पाक मोदिन मधोमध बसले. लग्न, बारसं, मरण, सगळ्यांना प्रार्थना म्हणणारा हाच माणूस. सत्तरीचा, दातांनी विरळ आणि खाण्याचा शौकीन. रात्मीने त्यांच्यापुढे तापेची बशी ठेवली. त्यांनी पहिलं पान सोडून खाल्लं, मग दुसरं सोडलं.

गुनादी सर्वांत शेवटी आला. इस्त्रीचा बाटिक सदरा, हातात साखरेची मोठी पिशवी. शेजारधर्म म्हणून तो यायलाच हवा होता आणि उमेदवार म्हणून पुढे बसायलाच हवा होता. त्याने मार्सुदीचे दोन्ही हात हातात घेतले. "हजार दिवस झाले, पाक मार. काल गेल्यासारखे वाटतात."

"अल्लाची मर्जी," मार्सुदी म्हणाला.

पुस्तकं वाटली गेली. गुनादीने आपलं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, वेष्टणावरून अंगठा फिरवला आणि पाच ओळी मागे ऐकू जाईल असं म्हणाला, "वा! काय सुंदर अक्षर आहे हो. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. काय म्हणतात याला, पाक मार?"

ताडपत्रीखाली सगळे डोळे एकदम मार्सुदीकडे वळले. म्हणजे सगळ्यांनी सकाळी फोन पाहिला होता. काहींनी मान खाली घातली, ती दुःखाने नव्हे.

ठरल्याप्रमाणे वेनिंग उठली. बायकांच्या बाजूने पुढे आली, माइक घेतला. माइकने आधी किंचाळी मारली. मग तिचा आवाज आला, बारीक. "अस्सलामु अलैकुम. मला... गावाची माफी मागायची आहे. हे अक्षर माझ्या आजोबांचं. त्याला मी जे नाव दिलं..."

ती थांबली. पुस्तक तिने छातीशी धरलं होतं. मार्सुदी तिच्याकडे बघत होता. पुढच्या ओळी त्यानेच लिहून दिल्या होत्या. त्याला त्या पाठ होत्या. 'पोरबुद्धीने' हा शब्द येणार होता. आणि गुनादी मान किंचित तिरपी करून, डोळे अर्धे मिटून तो शब्द ऐकायला बसला होता. जसा एखादा जेवण झाल्यावर फळ येण्याची वाट बघतो.

नंतर मार्सुदीला पुष्कळांनी विचारलं, तुला ते सुचलं कसं? सुचलं वगैरे काही नव्हतं. त्याला एवढंच वाटलं, की आपण या पोरीला शिडीवर चढवलंय आणि खालून शिडी आपणच हलवतोय.

"बस, पोरी," तो म्हणाला. आणि माइक तिच्या हातातून काढून घेतला.

"पाक गुनादी विचारतात, काय म्हणतात याला. परदेशात याला व्हिस्की म्हणतात. ओल्ड हार्लो व्हिस्की. माझ्या पुतणीने दिलंय नाव." मागे कुणीतरी खोकलं. "पण ते आत्ता आत्ताचं. मूळ अक्षर त्याहून वाईट आहे. ते जिनच्या पेटीवरचं. डच साहेब माझ्या वडिलांना देऊन गेला, रिकामी, हे पण सांगतो. माझा बाप त्या पेटीवरून अक्षर शिकला आणि एक्काहत्तर साली त्याने तेच आपल्या मशिदीवर काढलं."

बायकांच्या बाजूने रात्मीचा आवाज आला, "कांग!" पण आता उशीर झाला होता.

"मशिदीवरचे खजूर बघता ना तुम्ही? ते खजूर नाहीत. जिनमध्ये घालतात ती फळं आहेत. मी रंगवली. त्रेपन्न वर्षं तुम्ही सगळे त्या पाटीखालून आत जाता. तुम्ही, मी, पाक मोदिन, पाक गुनादी सहकुटुंब. आजपर्यंत कुणाला चढलेली मी तरी पाहिली नाही."

सगळे पुस्तकाच्या वेष्टणाकडे बघत राहिले. मार्सुदीला वाटलं, गेली निवडणूक. आणि तसं वाटल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, म्हणून तो आणखी बोलला. "आणि चढायचीच असेल, तर माझ्या बहिणीचा तापे समोर आहे. तीन दिवस आंबवलेला. पाक मोदिनांनी चार पानं सोडलीत."

पहिल्यांदा हसल्या त्या बायका. मग पोरं. मग चटईच्या मागच्या रांगेतले म्हातारे, ज्यांनी विर्योला शिडीवर पाहिलं होतं, त्यातला एक गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "म्हणजे ती फळं होती होय! मी म्हणायचोच, खजूर असे गोल कुठे असतात!" हसू ताडपत्रीखालून असं पसरलं, की वाढायला उभी असलेली माणसंही थांबली. गुनादी हसला नाही, पण न हसणंही बरं दिसेना, म्हणून त्याने दात दाखवले.

हळूहळू सगळ्यांचे डोळे पाक मोदिनांकडे गेले. शेवटी निकाल त्यांचा. त्यांच्या हातात पाचवं पान अर्धं सोडलेलं होतं. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग पुस्तकाच्या वेष्टणाकडे, मग पुन्हा पानाकडे. ते पान त्यांनी शांतपणे संपवलं, बोटं पुसली.

"अक्षर प्यायचं नसतं," ते म्हणाले, "वाचायचं असतं. उघडा पुस्तकं."

पुस्तकं उघडल्याचा एकच आवाज झाला. लासिमान मागच्या खांबाशी उभा होता. त्याने वेनिंगला जवळ बसायला जागा केली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिच्या ओढणीवर राखाडी पंजा उमटला. पाठ सुरू झाला. सव्वाशे गळ्यांचा एक सूर लागला.

घरातल्या पाठात नेहमी मार्सुदीचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आज तो लागेना. पुस्तकावर वाकला तर डोळ्यांसमोर ती अकरा वर्षांची स्वारी आली, शिडीवर, जीभ दातांत धरून, एकेका जिनच्या फळाला पुण्य समजून सोनं फासणारी. आणि शेजारी बापाक, चेहरा अगदी गंभीर, डबा सरळ धरून. त्याला हसू फुटलं. त्याने ओठ दाबले, तशी खांदे हलायला लागले. त्याने पुस्तक तोंडावर धरलं, तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मग त्याचं त्यालाच कळेना की हे नक्की काय चाललंय.

मागे बायकांत कुजबूज झाली. बघा, थोरला मुलगा रडतोय. हजार दिवस आतल्या आत दाबून ठेवलं बिचाऱ्याने. रात्मी, जी वर्षभर त्याच्याशी भांडत होती, उठून गेली आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवून आली. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पाक मोदिनांनी सूर जरा खाली आणला, माणसाला रडायला सवड मिळावी म्हणून.

समोर बसलेल्या गुनादीने हे सगळं पाहिलं. चटयांवरून नजर फिरवली, कोण कोण पाघळलंय ते बघितलं. आणि मग हळूच, कुणाच्या तरी लक्षात येईल अशा बेताने, त्यानेही सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला.